तिकिटावरचा काळा ठिपका

मी, प्रज्वल खंडू गव्हाणे, वय २७ वर्षे, धंदा नोकरी, राहणार पिंपळे गुरव, समक्ष हजर राहून सांगतो की,

मी कुरुळी येथील लेझर यंत्रांच्या कारखान्यात जुळणीचे काम करतो. मुबीन मीरासाहेब शिकलगार, वय ३८, हे माझे वरिष्ठ. त्यांनीच मला काम शिकवले.

आमच्या यंत्रात कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण मिथेनॉलच्या वाफेने भरलेल्या नळीत सोडतात. त्या वाफेतून दूर-अवरक्त किरण निघतो. दोन्ही किरण दिसत नाहीत. पहिला जाळतो. दुसरा इतका क्षीण की निघाला हे मापकावरच कळते.

पहिला किरण कुठे पडतो ते पाहायला मुबीनभाई बसचे तिकीट धरत. तो कागद उष्णतेने काळा पडतो. साधा कागद जळून धुराने यंत्रातले आरसे खराब होतात, म्हणून त्याला मनाई आहे.

दि. ४ फेब्रुवारी रोजी सकाळी ते नाशिक फाट्यावर बसची वाट पाहत होते. मी त्यांना दुचाकीवर बसा म्हणालो. ते नको म्हणाले. मी आग्रह केला, तेव्हा ते बसले.

चारच्या आत यंत्र चालू करा, असे मालक अर्जुनराव यांनी सांगितले होते. झाकण उघडले की लेझर बंद करणारे बटण आम्ही चिकटपट्टीने दाबून ठेवले. जुळणीच्या वेळी तसेच करतात. संरक्षक चष्मा एकच होता. मुबीनभाईंनी तो मला दिला. "मे महिन्यात लग्न आहे तुझं, राव. नवरी तरी नीट बघ," असे म्हणाले.

त्यांनी तिकीट मागितले. "माझ्या गाडीवर कुठलं तिकीट, भाई?" असे मी म्हणालो. आम्ही हसलो. कालचे तिकीट पूर्ण काळे झाले होते. मग किरणासमोर मोजपट्टी धरून ती मागच्या बाजूने कुठे तापते ते बोटाने पाहू, असे ठरले. स्टीलची पट्टी मी दिली.

दुपारी ३.२० वाजता त्यांच्या हातातली पट्टी कलली. किरण तिच्यावरून उलटून त्यांच्या दोन्ही डोळ्यांवरून गेला. आवाज झाला नाही. ते डोळे धरून खाली बसले. "प्रज्वल, लाइट गेली का?" असे विचारले. मी हो म्हणालो. लाइट गेलेली नव्हती.

उजेड आणि अंधार एवढेच कळेल, असे डॉक्टरांनी त्यांची पत्नी शिफा यांना माझ्यासमोर सांगितले.

चष्मे दोन होते व मुबीनभाईंनी निष्काळजीपणे लावला नाही, असे मालकांनी सांगितल्याचे मला कळले. दुसरा चष्मा मी ५ तारखेला खिळ्यावर पाहिला. त्यावरचे वेष्टनाचे प्लास्टिक काढलेले नव्हते.

आज मी पोलीस ठाण्यात बसने आलो. तिकीट दाखवून ते जबाबाला जोडावे, अशी विनंती केली. त्याची गरज नाही, असे मला सांगण्यात आले.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तेवढे त्यात आले आहे.