मास्तरांच्या खुणा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आपल्या लीगचे सगळे खेळाडू, मास्तर, मास्तरांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे डोळे वटारून बघणारी माझी पत्नी, सर्वांना नमस्कार.

मास्तर आज निवृत्त होताहेत, त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोल, असं मॅनेजरसाहेबांनी बजावलंय. बोलतो. पण आधी सांगून टाकतो, एकोणीस वर्षं मी या माणसावर जळतोय. पिना पाडायच्या बोलिंगच्या जड चेंडूंना बोटांसाठी छिद्रं पाडायची आमच्या दुकानात यंत्रं दोन. एकावर मास्तर, दुसऱ्यावर मी. माझं यंत्र रिकामं दिसत असूनही गिऱ्हाईक म्हणणार, "मास्तर मोकळे होईपर्यंत थांबतो." आता याला काय म्हणायचं?

बाकीच्यांचं सोडा. माझी सख्खी बायको अकरा वर्षं त्यांच्याच यंत्रापुढे उभी राहते!

त्याला कारण मीच, हेही कबूल करतो. त्या वर्षी ही अंतिम फेरीत पोहोचली होती. नवा चेंडू मी हक्कानं करायला घेतला. मास्तरांनी केलेला चॅम्पियनचा चेंडू तेव्हा पॉलिशला आला होता. मास्तर जेवायला गेले, आणि मी त्याची मापं चोरून हिच्या चेंडूवर जशीच्या तशी उतरवली. चेंडूच्या पोटात वजनाचा गाभा असतो, आणि त्याचं डोकं कुठे आहे ते वरचा रंगीत ठिपका सांगतो. तो ठिपका खेळाडूच्या फिरकीच्या अक्षापासून किती इंचांवर, यावर चेंडू कधी आणि किती वळणार ते ठरतं. आणि अक्ष ज्याच्या त्याच्या हाताचा असतो. चॅम्पियनच्या हाताला साडेचार इंचांवर पडलेला ठिपका हिच्या हाताला सव्वातीनवर आला. चेंडू अर्ध्या लेनवरच वळायचा आणि मधल्या पिना सोडून डाव्या कोपऱ्यात जायचा. सामनाभर हेच. दुसऱ्या दिवशी ही चेंडू उचलून थेट मास्तरांकडे. मास्तरांनी ओळखलं असणार, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडायला तरी काही मिळालं असतं.

परवा हिनं नवा चेंडू आणला. म्हटलं, मास्तर चालले, आता जाते कुठे! तर गेली त्यांच्याकडेच. त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा केल्या, चेंडू माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "छिद्रं तू पाड."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नीट वळला तर नाव यांचं, आणि बिघडला तर हात माझा? ते चहाला गेल्यावर मी फडक्यानं सगळ्या खुणा पुसल्या. हिच्या जुन्या चेंडूवर उमटलेल्या, लेनला लावतात त्या तेलाच्या कड्यांवरून अक्ष काढला, तीनदा मोजला, स्वतःच्या खुणा केल्या. मग चेंडू उजेडात धरला. खाली त्यांच्या पुसट रेघा अजून दिसत होत्या. माझी प्रत्येक खूण त्यांच्या खुणेवर बसली होती.

मंडळी, एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

छिद्रं पाडली. हिला हे सगळं आत्ताच कळतंय. चेंडू तिच्या खुर्चीखाली आहे, आणि कार्यक्रम संपला की पाच नंबरच्या लेनवर ती तो टाकणार आहे. मास्तर, तेवढे थांबा. नीट वळला तर "छान केलंस" एवढंच तिच्यादेखत म्हणा. तेवढ्या दोन शब्दांसाठी मी एकोणीस वर्षं शेजारी उभा आहे.

आयोजकांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. आणि चेंडू नाहीच वळला, तर लक्षात असू द्या, खुणा मास्तरांच्या होत्या.