अंगठ्याचं माप

मॅनेजर : दुपारी सव्वाचारला, तिसऱ्या लेनवर, सराव चालू असताना बॉलिंगचा जड बॉल हातातून मागे सुटला आणि बूट काउंटरवरच्या काकांच्या पायावर पडला. मालकांना मी फोनवर एवढंच सांगितलंय. आता ते विचारतायत, सुटला कशाने?

दादा : काकांना नेलं का?

मॅनेजर : नेलं. त्यांचा मुलगा परस्पर हॉस्पिटलात पोचतोय. बूट कापून काढावा लागला, मिस्त्री. सगळ्या हॉलला बूट देणारा माणूस, आणि त्याचाच बूट...

दादा : पुरे, साहेब. बहीण समोर बसलीय माझी.

धाकटी : बोलू दे त्यांना. माझ्याच हातून सुटला. हात मागे नेला, पुढे आणला, तर हातात काहीच नव्हतं. मग आवाज आला.

मॅनेजर : ताई, तुम्हाला कोणी काही म्हणत नाहीये. तुम्ही पाणी प्या. प्रश्न बॉलचा आहे. बॉल नवा, भोकं पाडून महिनाही झाला नाही. मालकांचं म्हणणं, अंगठ्याचं भोक सैल पाडलं असणार. आणि भोकं आपल्याकडे एकच माणूस पाडतो.

दादा : मीच पाडतो. बॉल आणलाय इथे. बघतो आणि सांगतो.

मॅनेजर : जरा लवकर. सहाला नावं घ्यायची बंद होणार. राष्ट्रीय हौशी स्पर्धा, त्यात मिश्र दुहेरी, आणि या हॉलमधून आजवर एकही जोडी गेलेली नाही. भोकाचा दोष असेल तर दुसरा बॉल घेऊ, तुम्हा बहीणभावाची नावं पाठवू. पण खेळणारीचा दोष असेल तर मालक नाव जाऊ देणार नाहीत. तिथे कोणाच्या डोक्यात बसला म्हणजे? स्पष्टच सांगितलेलं बरं.

दादा : जाताना दार ओढून घ्या.

(मॅनेजर जातो. बॉलला भोकं पाडायची छोटी खोली. यंत्र बंद.)

धाकटी : भोक सैलच होतं, दादा.

दादा : असेल.

धाकटी : असेल काय? होतं. पहिल्या दिवसापासून होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.

दादा : कधीपासून माझ्या वाटण्याची एवढी काळजी लागली तुला? परवा सगळ्या हॉलसमोर मला म्हैस म्हणालीस.

धाकटी : म्हशीसारखा धावतोस म्हणाले. फरक आहे.

दादा : भोकाच्या आत टेप कोणी लावली?

धाकटी : मी. थोडं घट्ट व्हावं म्हणून. सगळेच लावतात.

दादा : सगळे एखादी पट्टी लावतात. उन्हाळ्यात एक काढतात, थंडीत एक घालतात. हे काय? एकावर एक, एकावर एक. सोलतोय तर संपत नाहीये. कांदा आहे का हा?

धाकटी : म्हणजे भोक केवढं मोठं पाडलंस बघ.

दादा : माप घेतलं नव्हतं मी.

धाकटी : काय?

दादा : मागच्या बॉलचंच माप घातलं. बहिणीचा हात, म्हटलं, तो पुन्हा काय मोजायचा. दुसरं कोणी असतं तर दोनदा हात बघितला असता.

धाकटी : मग झालं तर! तेच सांग त्यांना. दादा, हसू का रडू समजत नाहीये. मला वाटत होतं मीच... सोड. तू ओरडा खा, मालक चार दिवस फुगून बसतील. आता माप घे, रात्रीतून दुसरा तयार कर.

दादा : हात दे.

धाकटी : घे. हे मापाचं व्हर्निअर गार आहे रे.

दादा : हलू नकोस... आता दुसरा.

धाकटी : डावा कशाला? डाव्याने खेळू?

दादा : दे म्हणतोय ना.

धाकटी : काय झालं?

दादा : तू उजवी आहेस. खेळतेस उजव्याने, कात्री उजव्याने चालवतेस. उजवा अंगठा जाड हवा, निदान डाव्याएवढा तरी. जुनं माप बरोबर होतं, बये. भोक तेवढंच आहे. अंगठा तेवढा राहिला नाही.

धाकटी : बारीक झालेय मी जरा.

दादा : गाल तर तसेच आहेत. मूठ उघड. हा खड्डा कसला? अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये. इथे मांस होतं.

धाकटी : हात सोड.

दादा : आईचा हात असा दिसायचा.

धाकटी : तू कुठे बघितलास आईचा हात? तू तेव्हा दुसऱ्या गावी होतास, यंत्र शिकत. महिन्यातून एकदा यायचास फळं घेऊन. सोलून भरवत होते ती मी.

दादा : म्हणूनच विचारतोय. मला उशिरा कळलं. तुला आधीच कळलं असणार. कधीपासून?

धाकटी : हात सोड, म्हटलं ना.

दादा : पार्लरमध्ये कात्री चालते का?

धाकटी : मशीन वापरते. हल्ली बायकांना मागून मशीनच आवडतं.

दादा : मी कात्रीचं विचारलं.

धाकटी : नाही चालत. दुपारनंतर तर नाहीच. एका बाईच्या कानाला लागली. बाई चांगल्या, काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. घराचं कुलूप दोन्ही हातांनी उघडते. डब्याचं झाकण वहिनीकडून उघडून घेते आणि वर तिलाच म्हणते, किती घट्ट लावतेस गं. झालं समाधान?

दादा : डॉक्टर?

धाकटी : केस कापायला येतात एक डॉक्टरबाई. त्यांना दाखवला हात, सहज म्हणून. त्या म्हणाल्या मानेतली नस दबली असेल, दिवसभर मान वाकवून उभी असतेस. असेल, म्हणाल्या.

दादा : असेल म्हणजे?

धाकटी : म्हणजे तपासून घ्या. स्नायूत सुई घालून बघतात, तेच. आईला केलं होतं ते.

दादा : कधी आहे?

धाकटी : या शुक्रवारची वेळ मिळाली होती. पुढे ढकलली. स्पर्धा झाल्यावर करेन.

दादा : वेड लागलंय तुला. एका खेळासाठी?

धाकटी : खेळासाठी नाही रे, दादा. ऐक. आईला ज्या दिवशी आजाराचं नाव कळलं, त्या दिवशी सकाळी तिने स्वतः चहा केला होता. थोडा सांडला, पण केला. संध्याकाळी आपण तिला गॅसजवळ जाऊ दिलं नाही. हात तोच होता. सकाळचा आणि संध्याकाळचा हात एकच. फक्त मध्ये डॉक्टर बोलले होते.

दादा : तिला भाजलं असतं.

धाकटी : भाजलंही असतं. पण मग ती खुर्चीत बसली ती उठलीच नाही. मला त्या खुर्चीत बसावं लागलं, तर बसेन. तिथे जायचा रस्ता मला पाठ आहे, कोणी दाखवायला नको. पण त्याआधी एकदा मला त्या लेनवर उभं राहायचंय, जिथे सगळे अनोळखी असतील आणि कोणी म्हणणार नाही, राहू दे, तुला झेपणार नाही. नसच दबली असेल तर छानच. स्पर्धेनंतरही दबलेलीच सापडेल.

दादा : आणि काकांचा पाय? लेनच्या मागे लोक बसतात. बायका असतात, मांडीवर पोरं असतात. तू टेपवर टेप लावत गेलीस. तुला माहीत होतं भोकात काही बिघडलेलं नाही. तरी आत्ता मला म्हणालीस, ओरडा खा.

धाकटी : हो, म्हणाले. खरंच हायसं वाटलं रे मला. माप घेतलं नाही म्हणालास तेव्हा. क्षणभर वाटलं, देवा, नुसतं भोकच सैल निघू दे. तुझी नोकरी गेली तरी चालेल असं वाटलं. आता मार मला.

दादा : मलाही तेच वाटत होतं. व्हर्निअर लावेपर्यंत.

धाकटी : ते व्हर्निअर इकडे दे.

दादा : कशाला?

धाकटी : तुझा हात मोजते. ती तुझीही आई होती.

दादा : माझं राहू दे.

धाकटी : का? घाबरलास?

दादा : माझा अंगठा जाड आहे. चांगला म्हशीसारखा. ठेव ते खाली, पडेल हातातून.

धाकटी : बघ. सुरू झालं तुझं. पडेल हातातून.

दादा : तसं नव्हतं म्हणायचं मला.

धाकटी : तसंच असतं ते. कोणालाच तसं म्हणायचं नसतं.

मॅनेजर : (दार उघडून) मिस्त्री, मालक लाइनवर थांबलेत. काय सांगू?

दादा : माझी चूक, साहेब. जुन्या मापावर भोक पाडलं. नवं माप घ्यायला हवं होतं, घेतलं नाही.

मॅनेजर : माप न घेता? अहो, शिकाऊ माणूसही असं करणार नाही! हे मालकांना सांगितलं तर ते तुम्हाला यंत्राला हात लावू देणार नाहीत.

दादा : नाही तर नाही. नावं पाठवा.

धाकटी : भोक बरोबर आहे, मॅनेजरसाहेब. तो मला वाचवतोय. दोष माझ्या हाताचा आहे.

दादा : गप बस.

धाकटी : हाताची पकड राहत नाही माझ्या.

मॅनेजर : पकड राहत नाही म्हणजे? घाम?

धाकटी : घाम...

मॅनेजर : घामच! मी सकाळपासून ओरडतोय. तिसऱ्या लेनच्या वरचा एसी बंद पडलाय, दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणून सांगून बसलाय. सराव करताना माणसाचे हात भिजणार नाहीत तर काय होणार? मग यात भोकाचा दोष नाही आणि ताईंचाही नाही. मिस्त्री, उगाच स्वतःच्या अंगावर घेत होता की हो. घामच ना? अहो, हो की नाही? मालक थांबलेत.

दादा : तिथला एसी बंद होता. हे खरं आहे.

मॅनेजर : झालं मग. पाठवतो नावं. (जातो.)

धाकटी : दादा.

दादा : काय?

धाकटी : बोललास का नाही?

दादा : तू पण "घाम" म्हणून थांबलीस. पुढे बोलायचं होतंस.

धाकटी : जीभ रेटेना. त्यांनी आयतं दिलं आणि मी घेतलं.

दादा : शुक्रवारी जायचं. ती वेळ पुन्हा मागून घे. नसेल मिळत तर मी दारात जाऊन बसतो. स्पर्धेच्या आधी तपासणी होणार. मला खरं कळल्याशिवाय मी तुझ्याबरोबर गाडीत बसणार नाही.

धाकटी : आणि नसच निघाली तर?

दादा : तर नवं माप घेऊन नवा बॉल तयार करतो. हलका. मागच्या लोकांना चार हात लांब बसवायला सांगतो.

धाकटी : आणि नस नाही निघाली तर? तू म्हणशील, राहू दे, तुला झेपणार नाही.

दादा : ते वाक्य मी म्हणणार नाही.

धाकटी : मग काय म्हणशील?

दादा : माहीत नाही. खरंच माहीत नाही, बये.

मॅनेजर : (परत येऊन) गेली नावं, दोघांची. पोचल्याचं उत्तरही आलं. आणि काकांच्या मुलाचा फोन होता. पायाचा एक्स-रे काढलाय, पण मोठे डॉक्टर अजून यायचेत. पायाची बोटं हलवा म्हणाले तर काकांना हलवता येत नाहीयेत. सुजेमुळे असेल, म्हणतो मुलगा. सूज उतरल्याशिवाय काही सांगता येत नाही म्हणे.