कोंबड्याखालचा डाग

...आणि वर मलाच म्हणतात, "ड्वेन, तू फार मनाला लावून घेतोस!" अहो, लावून घेऊ नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, माणसानं घरात ओक आणावा, पाइन आणावा, अगदी पत्र्याचं कपाट आणावं, पण चेरीचं लाकूड आणू नये! आमचा सुतार एफ्राइम झुक, मोटार वर्ज्य मानणाऱ्या आमिश पंथातला माणूस, घोडागाडीतून यायचा आणि महिन्यातून चार शब्द बोलायचा. त्यातले तीन त्यानं जेवणघरातलं बुटकं कपाट पोचवताना माझ्यावर खर्च केले... "चेरी विसरत नाही."

मला वाटलं, टिकाऊ आहे म्हणतोय!

कसलं काय! नवं असताना गव्हाळ रंगाचं, आणि खिडकीतलं ऊन लागलं की सहा महिन्यांत तांबूस काळपट. पण ज्या जागी वस्तू ठेवलेली, तिथे ऊन पोचतच नाही, तेवढी जागा गोरीच्या गोरी! उचला वस्तू, की खाली डाग हजर. चेरी विसरत नाही!

आता आमच्या सासूबाई, विल्मा. बाई प्रेमळ हो, पण कपाट आलं त्याच आठवड्यात चिनी मातीचा कोंबडा घेऊन आल्या. हिरवा! आणि डोळे असे वटारलेले, की जेवताना घास अडकावा. आमची ही, लोर्ना, म्हणते कशी, "अगं आई, किती गोड!" आणि आईची गाडी वळणाआड गेली रे गेली, की कोंबडा तळघरात! त्या यायच्या म्हटलं की वर, गेल्या की खाली. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

गेल्या रविवारी हॅम-बटाटे जेवून झाले आणि सासूबाईंना कपाट पुसायची लहर आली. वडील फर्निचरवाले, लाकूड कळतं त्यांना! आधी बोलिंगच्या स्पर्धेत मी जिंकलेला कप उचलला, खाली गोल गोरा डाग. मग कोंबडा उचलला...

खाली काही नाही. सगळं सारखं तांबूस!

"लोर्ना," सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "कपाचा डाग पडला. माझ्या कोंबड्याचा कुठाय गं?"

ही म्हणाली, "अगं, आम्ही त्याला सारखं इकडेतिकडे हलवतो ना!"

आणि मी, माझी जीभ झडो, म्हणालो, "हिरव्या रंगातून ऊन आरपार जातं, आई!"

बाई माझ्याकडे बघतायत... बघतायत... मला वाटलं, संपलं, आता मृत्युपत्रातून नाव गेलं! आणि एकदम अशा हसत सुटल्या की खुर्ची धरावी लागली त्यांना.

"अहो जावईबापू, माझ्या घरी हा अकरा वर्षं माळ्यावर होता! आमच्या इर्मानं दिलेला. बहिणीची भेट फेकवेना, म्हणून तुमच्या गळ्यात मारला!"

हुश्श! तिघंही डोळे पुसेपर्यंत हसलो. मी म्हटलं, चला, मग टाकू या तर!

"टाकू या? इर्माला मी सांगून बसलेय, लोर्नानं तो हट्टानं मागून नेला, रोज डोळ्यांसमोर असतो तिच्या! थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतेय ती इथे जेवायला. एकाच बापाच्या मुली आम्ही, ती पहिल्यांदा काय करील?"

उचलील! चेरी विसरत नाही!

धावत एफ्राइमकडे गेलो. म्हटलं, बाबा, काळ्या झालेल्या जागेवर आता गोरा डाग पाडता येईल का? त्यानं नुसती आडवी मान हलवली. शब्द शिल्लक नसावेत.

घरी येऊन बघतो, तर सासूबाईंनी कोंबडा उचलून माझ्या कपाच्या डागावर ठेवलेला. असा चपखल बसला, की जणू जन्मापासून तिथेच!

"आणि माझा कप?"

"तळघरात," लोर्ना म्हणाली.

"इर्मामावशी जाईपर्यंत ना?"

सासूबाई म्हणाल्या, "छे! ती दर वर्षी येणार म्हणतेय. तुम्ही जिंका की दुसरा!"

दुसरा? अहो, एकोणीस वर्षं खेळतोय मी... आणि हा एकच, तोसुद्धा समोरचा संघ आला नाही म्हणून!