भाऊसाहेबांचं पथ्य

हसू नका, आधी ऐका तर खरं! आमचे साडू, पुंडलिकनगरचे भाऊसाहेब. वजन आन् कोलेस्टेरॉल, दोन्ही लई वाढलेलं. मीच त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणले, "भाकरी, पालेभाज्या खा. जेवणाआधी पाण्यातून इसबगोल घ्या. पोट भरल्यासारखं वाटतं, जेवण कमी जातं. शिवाय आतलं थोडं कोलेस्टेरॉलही धरून बाहेर नेतं."

भाऊसाहेबांनी शेवटचं तेवढंच ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात खुलताबादला नवसाच्या बोकडाचं, कंदुरीचं जेवण होतं. यांनी पंगतीत बसल्या बसल्या खिशातून पुडी काढली, गिलासात ढवळली, घटाघटा प्याले आन् वाढणाऱ्याला म्हणले, "मटण येऊ दे. वरची तर्री सोडू नको."

मी म्हणलं, "अहो, पथ्याचं काय?"

"पथ्यच चाललंय की! इसबगोल आत जाऊन बसलंय. त्याला धरायला काही नको का?"

पुढच्या तपासणीला डॉक्टर रिपोर्ट बघून चक्रावले. "दोन्ही वाढलंय! इसबगोल घेता ना?"

"एक दिवस चुकलो नाय."

"मग असं कसं?"

भाऊसाहेब एकदम गंभीर झाले. "डोस वाढवावा म्हणतो, साहेब."

"इसबगोलचा?"

"नाय, तर्रीचा. त्याला काम कमी पडतंय."