टाक्यांवरचं कातडं

हॅलो?… कोण, नाझिक? अगं मोठ्यानं बोल, वॉर्डात नुसता कालवा आहे… हो, ड्यूटीवरच. तुझा नवरा कसा आहे?

म्हणजे? पाणी येतंय म्हणजे? टाक्यांतून?… पिवळं? वास पण?… ताप किती?… रडू नकोस, अगं ऐक ना. कुबातला बोटं हलवायला सांग. मनगट उचलतंय?… उचलतंय ना? अल्लाची कृपा!

पण परवा मीच टाके बघून माझ्या भावाला घरी धाडलं होतं! खांद्यात लोखंडी पट्टी बसवलीय, स्क्रू आहेत, जखम कोरडी ठेव… पढवलं होतं ना तुला? मग?… नाझिक, काय केलंत तुम्ही?

कसलं कातडं?

मेंढी कापून?… ओलं, गरमागरम? टाक्यांवर?… रात्रभर!

हो, हो, माहीत आहे, बाबा घोड्यावरून पडले तेव्हाही गुंडाळलं होतं. अगं, त्यांना मुका मार होता! कुठे कापलं नव्हतं! कोणाचं डोकं हे?… एसेन अता? तो हाडं बसवणारा म्हातारा?… काय म्हणाला? लोखंडाची थंडी ओढून काढायची? अगं, त्या लोखंडावरच खांदा उभा आहे! घोड्यावरून बकरं ओढायच्या खेळात ह्यानं हाडाचे तुकडे करून घेतले, डॉक्टरांनी एकेक तुकडा जुळवला, आणि ह्या भोंदूनं त्यावर मेंढी पांघरली! अक्कल गहाण टाकलीत सगळ्यांनी?

अपा, तू मध्ये बोलू नकोस! आई असलीस आमची म्हणून काय झालं?… होय, ओरडतेय! पू हाडात उतरला तर सगळं काढावं लागेल. हात कायमचा लुळा पडेल. मग लगाम कोण धरणार, तू?

नाझिक, कातडं काढलंस? स्वच्छ फडकं ठेव, हात झोळीत. रस्सा पाजू नका, घोटभरही नाही. आजच भूल देऊन जखम उघडून धुतील बहुतेक. आत्ताच्या आत्ता गाडीत घाल त्याला… सगळ्या गाड्या लग्नाला गेल्या? एकही नाही?… आहे? कोणाची?

…त्याची?

आणि तो तिथेच बसलाय? स्पीकर चालू आहे? मघापासून?

…दे त्याला.

सलाम, अता… हो, भोंदू म्हणाले… हो, म्हाताराही म्हणाले… नाही नेणार? अता, माझा एकुलता एक भाऊ आहे हो… बरं. चुकले. लहान तोंडी मोठा घास घेतला… हो, तुमच्या हाताला गुण आहे. अख्ख्या अत-बाशीत नाही असा… हो, बाबांना तुम्हीच उभं केलंत… लोखंडाचीच चूक. डॉक्टरांचीच. माझीसुद्धा! आता चावी घ्या… चहा? कसला चहा, निघा आधी!

सुरू झाली गाडी? नाझिक, कुबात मागे आहे ना? हात धरून बस… बरं.

अता, घाटात सावकाश या. कुबातला आत घेतलं की मी दारातच उभी आहे तुमच्यासाठी…

नाही, आभार मानायला नाही. ठेवते.