रुमालाखालचा भाव

मंडळी, मायबहिनीहो, मागं दारात उभे हायेत तेबी आत या. शाळा आपलीच हाये. मले भाषण येत नाई, मी मिरची पिकवनारा मानूस. पन गोविंद मास्तर गेले, अन् आज मी न बोलता घरी गेलो असतो त घास घशाखाली उतरला नसता.

माह्या अगोदर चौघं बोलले. चौघाईनं सांगतलं, मास्तर देवमानूस होते. देवमानूस होते, त त्याइले या गावातून काहून धाडलं?

काय केलं होतं मास्तराईनं? पोट्ट्याइले गोष्टीचं पुस्तक वाचून दाखोलं. चित्राचं, पातळसं. त्यात ससा रानातली बोरं वेचून बाजारात नेते, अन् कोल्हा अन् लांडगा त्याचा भाव ठरवतात. वाचता वाचता मास्तर थांबत. इचारत, बोरं वेचली कोनं? मंग भाव ठरवताना सश्याले कोनी इचारलं काय? पोट्टे भांडत. एक म्हने, बोरं लय आली म्हून भाव पडला. दुसरा म्हने, लांडग्याच्या घरी साठवाले जागा हाये, सश्याच्या घरी नाई. इतकंच शिकवलं. दुसरं काई नाई.

माही यमुना त्याच वर्गात होती, तवा आठ वर्साची. माह्यासंगं गाडीत बसून वाशीमच्या बाजारात आली. मिरचीचा सौदा कसा होते, तुमाले ठाऊक हाये. दलाल अन् व्यापारी रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरवतात, अन् आपन बाजूले उभं राह्याचं. पोरीनं जाऊन रुमालच उचलला. म्हने, "काका, मिरची आमची हाये. आमालेबी बोटं पाहू द्या."

बाजार हासला. मीबी हासलो. रुमालाखाली ज्याचा हात होता, ते व्यापारी शेठजी नाई हासले.

शेठजी शाळेच्या कमिटीत. शाळा तपासनाऱ्या डिप्टीसाहेबाले अर्ज गेला. पोट्ट्याइले पाढे शिकवा, बाजार कायले शिकवता, असं ठरलं. गोष्टीची सारी पुस्तकं या मागच्या कपाटात गेली, कुलूप लागलं. मास्तराची बदली पोहरादेवीच्या पलीकडं, रानातल्या शाळेवर. तिथं हिवतापानं धरलं ते सोडलंच नाई. मी भेटाले गेलो, त माही खुशाली इचाराच्या अगोदर त्याईनं इचारलं, "कपाट उघडलं काय?"

मी नाई म्हनलो. ते भिताडाकडे तोंड करून निजले.

आज या शोकसभेचे तेच शेठजी अध्यक्ष हायेत. खुर्चीवर मास्तराची टोपी ठेवली, तिले पयला हार त्याईनंच घातला. मले रडू येत नाई मंडळी, मले राग येते. मानूस जिता होता तवा त्याचं तोंड बंद केलं, अन् आता त्याच्या टोपीले फुलं?

आता दोन मिन्टं गुपचूप उभं राह्याचं म्हनतात. राहू ना. पन शेठजी, कपाटाची किल्ली तुमच्या करदोट्याले हाये, साऱ्या गावाले ठाऊक हाये. यमुना, बाई, तू जाय कपाटापाशी.

मंडळी, उभे राहा. किल्ली तिच्या हातात येईस्तोवर कोनी बोलाचं नाई, अन् कोनी बसाचं नाई.