साठ सांदं आन एक फेटा

...आन वर मलाच इचारत्यात, "नाथाजी, यात्रंत तू काय केलंस गा?" काय केलं? तुमाला सांगतो, भैरोबाच्या देवळापासनं तालमीपतूर दिव्यांची माळ वडली, तारंला तार जोडून साठ सांदं, आन माझा एक सांदा सुटला न्हाई!

फौजेत सिग्नलला व्हतो मी. एकाहत्तरला बर्फात तारा जोडल्यात. तार खरवडायची, पीळ द्यायचा, राळ लावायची, शेगडीत लोखंड तापवून कथील आत मुरवायचं, गार हुईपतूर हात हलवायचा न्हाई... मग वरनं पट्टी. चार दिस धुरानं डोळं सुजलं. आन आमचं सरपंच, नानासो, म्हणत्यात, "भांड्यांना कल्हई लावतोय व्हय रं?" गाव हासलं. हासा म्हणलं.

तालमीपासनं चावडीपतूरची माळ गावातल्याच कृष्णातची. ह्यो सांदा कसा करतोय? पीळ मारला, चिंधी गुंडाळली, झालं. पयल्याच सांजंला वळीव आला, त्याची माळ गपकन इझली. कृष्णात शिडीवर. लागली, टाळ्या. परत इझली, परत शिडी, परत टाळ्या, बाया म्हणत्यात, "किती राबतंय गं लेकरू!" लेकरू? चाळिशीचा बाप्या हाय त्यो! आन माझ्या माळंखाली लोक भजी खात्यात, वर बघतंय कोण? एक सांदा सुटला न्हाई, तुमाला सांगतो.

आता आमच्यात यात्रंत राबलेल्या गड्याला शेवटच्या कुस्तीआधी फडात मानाचा फेटा बांधत्यात. वीस वर्सं परमुलखात काढली, मला त्यो फेटा पायजे व्हता... खोटं कशाला बोलू. अंजना, आमचं कुटुंब, म्हणाली, "आवं, एखादा सांदा ढिला करून ठिवा की. इझली म्हंजी चढा लोकांम्होरं." पटलं मला. कुस्त्यांदिवशी दुपारनं माझ्या माळंचा खटका बंद केला, पक्कड घिऊन फडाकडंच्या टोकाला शिडीवर चढलो. पिळतोय, वढतोय, घामानं न्हालो, दिवेलागण झाली, खाली कृष्णातची माळ झकाझक लागली, माझी खटका बंद म्हणून अंधारात... माझा सांदा सुटंल तर शपथ!

तवर कर्ण्यावर नानासो, "फेट्याचा मान, कृष्णात!" समद्या फडानं टाळ्या कुटल्या. मग नानासोंनी वर बघितलं. "नाथाजी, आज बरी तुझीच माळ इझली रं?"

काय सांगू? पक्कड काखंत धरली, आन वरनंच टाळ्या वाजवल्या.